सतरापैकी सतरा

अमेरिकेतली नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, १९२० साली सुरू झाली. तेव्हापासून तिचे शंभराहून अधिक हंगाम झाले. त्या सगळ्यांत साखळीतल्या पहिल्या सामन्यापासून अंतिम सामन्यापर्यंत एकदाही न हरलेला आणि एकदाही बरोबरीत न अडकलेला संघ एकच आहे : १९७२ चा मायामी डॉल्फिन्स. साखळीचे १४ सामने, बाद फेरीचे २ आणि ‘सुपर बोल’ नावाचा अंतिम सामना. एकूण १७ सामने, १७ विजय.

लीगच्या बाल्यावस्थेत न हरलेले विजेते होऊन गेले, पण १९२० चा ॲक्रन, १९२२ आणि १९२३ चा कँटन, १९२९ चा ग्रीन बे या सगळ्यांच्या खात्यावर बरोबरीचे सामने आहेत आणि तेव्हा अंतिम सामन्याची पद्धतच नव्हती. पुढे शिकागो बेअर्सने १९३४ आणि १९४२ मध्ये साखळी निष्कलंक पार केली आणि दोन्ही वेळा नेमका अंतिम सामना गमावला. तोवर मायामी नावाचा संघ जन्मालाही आला नव्हता.

अशा विक्रमाची गोष्ट ऐकली की आपण नकळत महानायक शोधू लागतो. डॉल्फिन्सच्या बाबतीत हा शोध फसतो. त्यांचा सर्वांत महत्त्वाचा खेळाडू पाचव्याच सामन्यात पाय मोडून बाहेर गेला. त्याच्या जागी जो आला, त्याला आधीच्या संघाने नको म्हणून सोडून दिले होते. बचावफळीतल्या खेळाडूंची नावे प्रतिस्पर्धी प्रशिक्षकालाही आठवत नव्हती. या हंगामाकडे नीट पाहिले तर तो राखीव बाकावरच्या माणसांचा हंगाम होता असे दिसते, आणि त्यातच त्याचे मर्म आहे.

खेळ आणि गणित

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचे काम थोडे, हाताचे आणि खांद्याचे फार. मैदान १०० यार्डांचे, प्रत्येक बाजूला ११ खेळाडू. चेंडू ज्याच्या ताब्यात, त्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे असते. जमले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही जमले तर चेंडू समोरच्याकडे जातो. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचले की ‘टचडाउन’, त्याचे सहा गुण. पाठोपाठ चेंडू खांबांमधून मारला की आणखी एक. टचडाउन जमण्यासारखे नसेल तर दुरूनच चेंडू खांबांमधून मारायचा, तो ‘फील्ड गोल’, त्याचे तीन. आक्रमणाची सूत्रे क्वार्टरबॅककडे. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो आणि तो फेकायचा की मागून धावत येणाऱ्या साथीदाराला द्यायचा, हे दोन-तीन सेकंदांत त्याने अमलात आणायचे, तेही शंभर-सव्वाशे किलोची माणसे अंगावर येत असताना. क्वार्टरबॅक जायबंदी झाला की हंगाम संपल्यात जमा, असे या खेळात सर्रास मानले जाते.

आता थोडे गणित. समजा, एखादा संघ इतका बलवान आहे की कोणताही सामना जिंकण्याची त्याची शक्यता ८० टक्के आहे. असा संघ ओळीने १७ सामने जिंकण्याची शक्यता किती? सव्वादोन टक्के. संघ आणखी बलाढ्य माना, दर सामन्याला ९० टक्के. तरी १७ च्या १७ जिंकण्याची शक्यता १७ टक्क्यांच्या आतच राहते. चेंडूचा आकार लांबट असल्याने तो जमिनीवर कसा उसळेल याचा नेम नसतो, पंच चुकतात, हाडे मोडतात. ताकद सामने जिंकून देते, पण सगळे सामने जिंकायचे तर वाईट दिवशीही कसेबसे निभावून नेणारे कोणीतरी लागते.

हरणाऱ्यांचे गाव

डॉल्फिन्स १९६६ साली मैदानात उतरले, तेव्हाच्या प्रतिस्पर्धी अमेरिकन फुटबॉल लीगमधला नवा संघ म्हणून. पहिल्याच सामन्यात पहिलाच चेंडू जो ऑअरने झेलला आणि ९५ यार्ड धावत जाऊन टचडाउन केला. इतकी झोकात सुरुवात झाली खरी, पण पहिल्या चार हंगामांत मिळून संघाला जेमतेम १५ सामने जिंकता आले. १९७० मध्ये दोन्ही लीग एकत्र झाल्या आणि त्याच वर्षी मालक जो रॉबी यांनी बाल्टिमोर कोल्ट्सचे प्रशिक्षक डॉन शूला यांना मायामीत आणले. कोल्ट्सने तक्रार केली. लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी भरपाई म्हणून नवोदित खेळाडूंच्या निवडीतली मायामीची पहिल्या फेरीची संधी बाल्टिमोरला देऊन टाकली.

शूला यांच्यामागे एक ठसठसते दुखणे होते. जानेवारी १९६९ मधल्या तिसऱ्या सुपर बोलमध्ये त्यांचे कोल्ट्स सहज जिंकणार असे सगळे धरून चालले होते. समोर जो नेमथचा न्यूयॉर्क जेट्स. कोल्ट्स १६–७ असे हरले. त्या दिवशी कोल्ट्सचा क्वार्टरबॅक होता अर्ल मोराल. पहिल्या पसंतीचा जॉनी युनायटस दुखापतग्रस्त असल्यामुळे मोरालने तो हंगाम खेळला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण सुपर बोलमध्ये त्याचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले आणि समोर मोकळा उभा असलेला जिमी ऑर त्याला दिसलाच नाही. ही दोन माणसे, शूला आणि मोराल, पुढे मायामीत पुन्हा एकत्र येणार होती.

१९७० च्या उन्हाळ्यात खेळाडू आणि मालक यांच्यातल्या वादामुळे सराव उशिरा सुरू झाला. शूला यांनी मायामीच्या दमट उकाड्यात दिवसाला चार-चार सत्रे घेऊन ती कसर भरून काढली. आदल्या वर्षी तीन सामने जिंकलेला संघ त्या वर्षी दहा जिंकला. १९७१ च्या नाताळच्या दिवशी कॅन्सस सिटीविरुद्धचा बाद फेरीचा सामना ८२ मिनिटे ४० सेकंद चालला. तो आजही एनएफएलमधला सर्वांत लांबलेला सामना आहे. गॅरो येप्रेमियनच्या ३७ यार्डांवरच्या किकने मायामी २७–२४ जिंकले आणि पुढे सुपर बोलमध्येही पोहोचले. तिथे मात्र डॅलस काउबॉइजने त्यांना २४–३ असे लोळवले. सबंध सामन्यात एकही टचडाउन करता आला नाही. त्या सामन्याआधी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी मध्यरात्रीनंतर फोन करून शूला यांना पॉल वॉरफील्डसाठी एक पासची चाल सुचवली होती. चाल वापरून पाहिली, ती फसली. शूला यांच्या खात्यावर आता दोन सुपर बोल आणि दोन पराभव जमा होते. १९७२ चा हंगाम सुरू झाला तो हा डाग पुसण्याच्या इराद्याने. अपराजित राहण्याचा विचार कोणाच्या डोक्यातही नव्हता. हवा होता तो फक्त शेवटचा सामना.

सोडून दिलेली माणसे

संघात नामांकित खेळाडू नव्हते असे नाही. क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी, क्लीव्हलँडकडून मिळवलेला चपळ पॉल वॉरफील्ड, ओहायोतल्या शेतावर वाढलेला धिप्पाड लॅरी झोंका हे कोणत्याही संघात शोभले असते. पण त्यांच्यासमोर भिंत होऊन उभी राहणारी आक्रमणाची पुढची फळी पाहा. लॅरी लिटल मायामीतच वाढलेला. कोणत्याही संघाने त्याला निवडीत घेतले नव्हते. तो सॅन डिएगोकडून खेळत असताना अदलाबदलीत मायामीला आला. त्याच्या बदल्यात मायामीने दिलेला खेळाडू त्याचाच शाळेतला सोबती होता. जिम लँगरलाही निवडीत कोणी विचारले नव्हते आणि क्लीव्हलँडने त्याला सरावातूनच घरी पाठवले होते. बॉब कूचेनबर्गही दुसऱ्या संघात न टिकलेला. प्रशिक्षक मॉन्टी क्लार्क यांनी या सगळ्यांना घडवले. लिटल आणि लँगर पुढे खेळाच्या मानाच्या दालनात, हॉल ऑफ फेममध्ये, जाऊन बसले.

बचावफळीची गोष्टही अशीच. कप्तान निक ब्युओनिकॉन्टी मुळात तेराव्या फेरीत निवडला गेलेला. या जागेसाठी उंची कमी पडते, असे त्याच्याबद्दल म्हटले जाई. मॅनी फर्नांडेझला तर कोणत्याच फेरीत कोणी निवडले नव्हते. जेक स्कॉट कॅनडाच्या लीगमधून फिरून आला होता. डॅलसचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांनी १९७२ च्या जानेवारीत, मायामीच्या बचावफळीतल्या खेळाडूंची नावे आपल्याला आठवत नाहीत असे म्हटले आणि त्यावरून या फळीला ‘नो-नेम डिफेन्स’ हे नाव चिकटले. खेळाडूंनीही ते आवडीने मिरवले.

या बिननावांचे डोके होते बिल आर्न्सपार्गर. पुढच्या फळीतले खेळाडू दुखापतींमुळे कमी पडू लागले तेव्हा त्यांनी बॉब मॅथेसन या खेळाडूभोवती एक रचना उभी केली. मॅथेसन कधी पुढे घुसून क्वार्टरबॅकवर धाव घेई, कधी मागे सरकून पास अडवायला जाई. तो काय करणार हे चेंडू सुटेपर्यंत समोरच्यांना कळत नसे. त्याच्या सदऱ्यावर ५३ आकडा होता, म्हणून ही रचनाच ‘५३’ या नावाने ओळखली जाऊ लागली. माणसे कमी पडली म्हणून काढलेली तोड पुढे शस्त्र ठरली.

त्या वर्षी नियमातला एक छोटा बदल मायामीच्या पथ्यावर पडला. प्रत्येक चाल सुरू करताना चेंडू ज्या खुणांच्या आत ठेवतात, त्या खुणा १९७२ मध्ये मैदानाच्या मध्याकडे सरकवल्या गेल्या. धावणाऱ्याला आता दोन्ही बाजूंना मोकळे रान मिळू लागले. त्या हंगामात लीगमधल्या १० खेळाडूंनी धावून १,००० यार्डांचा टप्पा गाठला. त्यांतले दोघे मायामीचे होते.

पाचवा सामना

१७ सप्टेंबर १९७२ रोजी कॅन्सस सिटीच्या कोऱ्या करकरीत ॲरोहेड स्टेडियमवर मायामीने २०–१० असा विजय मिळवला. ह्यूस्टनला ३४–१३ असे हरवले. तिसरा सामना मिनेसोटात होता आणि शेवटच्या काही मिनिटांपर्यंत मायामी १४–६ असे मागे होते. येप्रेमियनने ५१ यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि दीड मिनिट उरले असताना ग्रीसीने जिम मँडिचला तीन यार्डांचा पास देऊन टचडाउन केला. १६–१४. येप्रेमियनची ती किक दोन हात चुकली असती तर हे प्रकरण लिहायचे कारणच उरले नसते.

येप्रेमियनबद्दल दोन वाक्ये सांगायलाच हवीत. तो सायप्रस बेटावरचा आर्मेनियन, चणीने लहान, टक्कल पडलेला. नेकटाय शिवण्याचा त्याचा धंदा होता. अमेरिकेत आला तेव्हा त्याला हा खेळ माहीत नव्हता. फक्त चेंडूला लाथ कशी मारायची हे ठाऊक होते आणि तेवढ्यावर त्याने नोकरी मिळवली.

१५ ऑक्टोबरला सॅन डिएगोविरुद्ध पास फेकताना ग्रीसीवर दोन धिप्पाड खेळाडू एकदम कोसळले. उजव्या पायाचे हाड मोडले, घोटा निखळला. ऑरेंज बोल स्टेडियममध्ये हजारो माणसे स्तब्ध झाली. बाकावरून उठला अर्ल मोराल, वय वर्षे ३८. मायामी हा त्याचा सहावा संघ. त्या वर्षी कोल्ट्सने त्याला मोकळे केले तेव्हा शूला यांनी नियमाप्रमाणे अवघे १०० डॉलर भरून त्याला उचलले होते. क्वार्टरबॅक जायबंदी झाला तर काय, याची धास्ती ज्या प्रशिक्षकाने १९६८ मध्ये अनुभवली होती, त्याने त्या धास्तीवरचा उतारा आधीच घरात आणून ठेवला होता. त्याच दिवशी मोरालने दोन टचडाउन पास फेकले आणि सामना २४–१० असा जिंकला.

मोरालचे पाय मंद होते, पण त्याने गेल्या १६ वर्षांत सगळ्या तऱ्हेचे बचाव पाहिले होते. शिवाय त्याला सगळे काही स्वतः करण्याची गरज नव्हती. झोंका मधून भिंत फोडी, मर्क्युरी मॉरिस कडेने निसटे, नेमक्या वेळी जिम कीक मदतीला येई. मॉरिस आणि कीक यांच्यात जागेवरून धुसफूस होती. आपल्याला पुरेसे खेळवत नाहीत ही मॉरिसची तक्रार आदल्या सुपर बोलपासूनची. शूला यांनी दोघांना आलटूनपालटून वापरले. कोणीच पूर्ण खूश नव्हते आणि कोणीच पूर्ण थकत नव्हते.

सहावा सामना बफलोशी. तोही हातातून जाता जाता राहिला. बफलोचा क्वार्टरबॅक साथीदाराच्या हाती चेंडू देत असताना फर्नांडेझने मध्येच घुसून तो दोघांच्या हातांतून हिसकावला. पुढच्याच चालीत झोंकाने टचडाउन केला. येप्रेमियनने ५४ यार्डांवरून फील्ड गोल मारला. निकाल २४–२३, फरक एका गुणाचा. मग बाल्टिमोरला त्यांच्याच घरी २३–०, बफलोला पुन्हा ३०–१६, न्यू इंग्लंडला ५२–०. हा शेवटचा विजय शूला यांचा साखळीतला शंभरावा. दहाव्या सामन्यात जेट्सनी १७–७ अशी आघाडी घेतली, तेव्हा जोरात पळण्यासाठी मुळीच प्रसिद्ध नसलेला मोराल स्वतःच चेंडू घेऊन ३१ यार्ड पळाला आणि टचडाउन करून आला. तो सामना मायामीने २८–२४ असा जिंकला.

१६ डिसेंबरला बाल्टिमोरला १६–० असे हरवून साखळी संपली. १४ सामन्यांत ३८५ गुण केले, १७१ दिले. केलेले गुण लीगमध्ये सर्वांत जास्त, दिलेले सर्वांत कमी. संघ एकूण २,९६० यार्ड धावला. तेव्हाचा तो विक्रम. झोंकाचे १,११७ यार्ड झाले. मॉरिस मात्र ९९१ वर अडकला होता. नंतर लीगने जुन्या चित्रफिती तपासल्या. बफलोविरुद्ध एका फसलेल्या चालीचे उणे नऊ यार्ड मॉरिसच्या नावावर चुकून लागले होते, ते काढले गेले आणि त्याचे बरोबर १,००० झाले. एकाच संघातले दोघे हजारी होण्याची ही पहिली वेळ.

एवढा डौलदार हंगाम, पण मायामीच्या लोकांना तो घरबसल्या पाहता येत नव्हता. तिकीटविक्रीवर परिणाम होऊ नये म्हणून घरच्या मैदानावरचे सामने त्या शहरात दूरचित्रवाणीवर दाखवायचे नाहीत, असा लीगचा नियम होता; सगळी तिकिटे संपली तरीही. ज्यांना ऑरेंज बोलमध्ये शिरता येई ते पांढरे रुमाल फडकावून मैदान दणाणून सोडत, बाकीचे रेडिओला कान लावून बसत. १९७३ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून हा नियम सैल करायला लावला.

तीन दारे

बाद फेरीत एक पराभव म्हणजे खेळ खलास. २४ डिसेंबरला क्लीव्हलँडविरुद्ध चौथ्या सत्रात मायामी १३–१४ असे मागे पडले. शेवटची काही मिनिटे उरलेली आणि समोर ८० यार्ड. मोरालने आपल्या जुन्या संघाविरुद्ध खेळणाऱ्या वॉरफील्डला शोधून काढले. क्लीव्हलँडनेही नियमभंग करून मायामीला फुकटचे यार्ड दिले आणि कीकने आठ यार्ड धावत टचडाउन केला. २०–१४.

पुढचा सामना पिट्सबर्गमध्ये. ज्या संघाने एकही सामना गमावला नव्हता, त्याला तीन सामने हरलेल्या संघाच्या घरी जावे लागले. त्या काळी बाद फेरीचे यजमानपद कामगिरीवर ठरत नसे, पाळीपाळीने फिरत असे. ही पद्धत १९७५ मध्ये बदलली. पहिल्या सत्रात पिट्सबर्ग ७–० असे पुढे होते आणि मायामीचे आक्रमण अडखळत होते. चेंडू दूर टोलवून ताबा सोडायची वेळ आली. हे काम लॅरी साइपलचे. त्याच्या लक्षात आले होते की पिट्सबर्गचे खेळाडू आता किक बसणारच असे गृहीत धरून लवकर पाठ फिरवतात. त्याने चेंडू टोलवलाच नाही. तो काखोटीला मारून त्यांच्याच मागून ३७ यार्ड धावला. लवकरच मोरालने झोंकाला टचडाउन पास दिला आणि मध्यंतराला सामना ७–७ असा बरोबरीत आला.

दुसऱ्या डावात शूला यांनी मोरालला बसवले आणि पाय भरून आलेल्या ग्रीसीला उतरवले. आतापर्यंत एकही सामना न हरलेला क्वार्टरबॅक बाहेर काढायचा म्हणजे केवढी जोखीम! ग्रीसीने वॉरफील्डला ५२ यार्डांचा पास दिला, कीकने दोन टचडाउन केले आणि मायामी २१–१७ जिंकले. मोरालने सुरुवात केलेले सामने ११, विजय ११. तरीही सुपर बोलला सुरुवात ग्रीसीनेच करायची, असे शूला यांनी ठरवले. मोराल नाराज झाला, पण त्याने कोठेही जाहीर कुरकुर केली नाही. या संघाचे चित्र एका प्रसंगात पाहायचे असेल तर हाच प्रसंग पुरे.

१४ जानेवारी १९७३. लॉस एंजेलिसचे कोलिझियम, ९०,१८२ प्रेक्षक, जानेवारीत न शोभणारे ऊन. प्रतिस्पर्धी वॉशिंग्टन, प्रशिक्षक जॉर्ज ॲलन. सोळा सामने जिंकूनही जाणकारांचे माप किंचित वॉशिंग्टनकडेच झुकलेले होते. मायामीने पहिल्या डावात हॉवर्ड ट्विली आणि कीक यांच्या टचडाउनांवर १४–० अशी आघाडी घेतली. ग्रीसीने सबंध सामन्यात केवळ ११ पास फेकले. उरलेले काम झोंकाने ११२ यार्ड धावून आणि बचावफळीने केले. फळीच्या मध्यभागी फर्नांडेझ कोणालाच हलू देत नव्हता. जेक स्कॉटने वॉशिंग्टनचे दोन पास पकडले, त्यांतला एक स्वतःच्या गोलरेषेपलीकडे, आणि तो सामनावीर ठरला.

दोन मिनिटांहून थोडे अधिक उरले असताना येप्रेमियन ४२ यार्डांच्या फील्ड गोलसाठी आला. तो बसला असता तर निकाल १७–० लागला असता, १७ विजयांच्या हंगामाला अगदी साजेसा. किक अडवली गेली. चेंडू परत येप्रेमियनच्याच हाती आला. त्याने तो खाली पाडून गप्प बसायचे, ते सोडून पास फेकायचा प्रयत्न केला. चेंडू हातातून निसटून वर उडाला आणि वॉशिंग्टनच्या माइक बासने तो पकडून ४९ यार्ड धावत टचडाउन केला. १४–७. हजारो लोकांसमोर हास्यास्पद ठरलेला हा क्षण मायामीचा हंगाम बुडवणार असे वाटू लागले. वॉशिंग्टनला शेवटची संधी मिळाली तेव्हा बिननावांच्या फळीने एकेक प्रयत्न मोडून काढला आणि शेवटच्या चालीत क्वार्टरबॅकलाच आडवे केले. शूला खेळाडूंच्या खांद्यांवर बसून मैदानाबाहेर आले.

आक्षेप आणि वारसदार

या विक्रमावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खोटा नाही. मायामीचे साखळीतले प्रतिस्पर्धी दुबळे होते. त्यांतल्या एकालाही त्या वर्षी १४ पैकी आठाहून जास्त सामने जिंकता आले नाहीत. मायामीचेच काही खेळाडू सांगत, की आमचा १९७३ चा संघ याहून सरस होता. त्या वर्षी ते दोन सामने हरले, पण मिनेसोटाला २४–७ असे हरवून सुपर बोल पुन्हा जिंकले. दोन हंगाम मिळून ३२ विजय, २ पराभव. मग झोंका, कीक आणि वॉरफील्ड अधिक पैसे देणाऱ्या नव्या लीगकडे गेले आणि संघ विस्कटला.

आक्षेपाला सर्वांत बोलके उत्तर २००७ च्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सने दिले, तेही नकळत. तोवर साखळी १६ सामन्यांची झाली होती. टॉम ब्रेडीच्या संघाने ते १६ ही जिंकले, तेव्हाचा विक्रम ठरलेले ५८९ गुण केले, बाद फेरीचे दोन सामनेही जिंकले. १८ विजयांनंतर ३ फेब्रुवारी २००८ रोजी न्यूयॉर्क जायंट्सने त्यांना १७–१४ असे हरवले. शेवटचा टचडाउन झाला तेव्हा ३५ सेकंद उरले होते. ताकदीच्या तराजूत पेट्रियट्स डॉल्फिन्सपेक्षा बहुधा भारी ठरतील. पण मिनेसोटा, बफलो आणि क्लीव्हलँडविरुद्ध डॉल्फिन्स ज्या दारातून निसटले, तेच दार जायंट्सने पेट्रियट्सच्या तोंडावर लावले. त्याआधी, १९८५ मध्ये शिकागो बेअर्स १२ सामने जिंकून मायामीत आले, तेव्हा १९७२ चे कित्येक जुने खेळाडू मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले होते. मायामीने ३८–२४ असा विजय मिळवला. शिकागोचा त्या हंगामातला तो एकमेव पराभव.

या विजयांची किंमत खेळाडूंनी पुढे चुकवली. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांनी मेंदू झिजवणारा सीटीई हा विकार मृत्यूनंतरच्या तपासणीतच पक्का कळतो. मोराल, ब्युओनिकॉन्टी, बिल स्टॅनफिल, कूचेनबर्ग, कीक, स्कॉट या १९७२ च्या खेळाडूंच्या मेंदूंत तो आढळला. ब्युओनिकॉन्टी यांनी हयातीतच आपला मेंदू संशोधनासाठी देण्याचे जाहीर केले होते. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी शूला वारले, वयाच्या नव्वदाव्या वर्षी. ३४७ विजयांचा त्यांचा विक्रम त्यांच्या मृत्यूसमयी अबाधित होता. १९७३ मध्ये व्हाइट हाऊसने या संघाला बोलावले नव्हते. ते राहून गेलेले आमंत्रण बराक ओबामांनी २०१३ मध्ये दिले.

२०२१ पासून साखळी १७ सामन्यांची झाली आहे. आता निष्कलंक हंगाम म्हणजे किमान २० विजय. शिवाय १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे, त्यामुळे लीगचा एकेकाळचा सर्वोत्तम खेळाडू राखीव बाकावर बसवून ठेवणे महाग पडते. दरवर्षी एखादा संघ सात-आठ सामने ओळीने जिंकला की वर्तमानपत्रे त्याच्या नायकाचे गुणगान सुरू करतात. त्या वेळी नायकाची आकडेवारी पाहण्याआधी त्याच्या जागी उतरायला कोण बसला आहे, हे पाहावे. १९७२ च्या मायामीचा विक्रम मोडणाऱ्याला ते नाव कधी ना कधी पुकारावे लागेलच.